खोडकर आज्ञावली
घरगुती संगणक वापरणाऱ्यास क्षणभर चकवून करमणूक करण्याच्या हेतूने लिहिलेल्या लहान संगणक-आज्ञावली. १९७७ मध्ये ॲपल २, कमोडोर पेट व टीआरएस-८० हे तयार स्वरूपातील संगणक अमेरिकेत विक्रीस आले. तेव्हापासून सु. १९९० पर्यंत अशा आज्ञावली विशेष प्रचलित होत्या.

कारणे : यांपैकी बहुतेक संगणकांत ‘बेसिक’ ही भाषा केवल-वाचन स्मृतीत कायमची साठविलेली असे. जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ यांनी ती १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात नवशिक्यांसाठी तयार केली होती. संगणक सुरू करताच ती वापरास सिद्ध होई. शिवाय स्मृतीला कोणतेही संरक्षण नसे. ‘पोक’ या आज्ञेने स्मृतीतील हव्या त्या स्थानी हवा तो अंक ठेवता येई. उदा., कमोडोर ६४ (१९८२) या संगणकात ५३२८० या स्थानातील अंक बदलताच पडद्याच्या कडेचा रंग बदले.

प्रकार : सर्वांत सोप्या प्रकारात दोनच ओळी असत. ‘प्रिंट’ ही पहिली ओळ एखादे वाक्य छापी व ‘गोटू’ ही दुसरी ओळ संगणकास पुन्हा पहिलीकडे पाठवी. दुकानात मांडलेल्या संगणकावर मुले या ओळी लिहून निघून जात व पडदा त्या वाक्याने भरत राही. दुसऱ्या प्रकारात आज्ञावली पडद्यावर ‘रेडी’ हा नेहमीचा शब्द दाखवी. मात्र वापरणाऱ्याने काहीही लिहिले, तरी चूक झाल्याचा खोटा संदेश देई. तिसऱ्या प्रकारात बनावट संकट उभे केले जाई. आयबीएम पीसीवरील एक आज्ञावली चकतीच्या खणात पाणी शिरल्याचे कळवून ते उपसल्याचा आवाज काढीत असे.

मर्यादा व परिणाम : स्मृतीतील आज्ञावली संगणक बंद करताच पुसली जाई, त्यामुळे थट्टा तेथेच संपे. बेसिकमधील आज्ञावली ‘लिस्ट’ या आज्ञेने वाचताही येई. फसलेल्यास युक्ती उमगे व तोही तशी आज्ञावली रचू लागे. परंतु याच मोकळेपणात धोकाही होता. पेट संगणकात ५९४५८ या स्थानी ६२ हा अंक ठेवल्यास जुन्या नमुन्यांत मजकूर अधिक वेगाने उमटे. निराळा चित्रनियंत्रक असलेल्या नव्या नमुन्यांत मात्र त्याच आज्ञेने पडद्याच्या विद्युत् मंडलास इजा होऊ शके.

लवचिक चकत्यांमुळे थट्टेचे स्वरूप पालटले. पेनसिल्व्हेनियातील १५ वर्षांच्या रिच स्क्रेंटा या विद्यार्थ्याने १९८२ मध्ये ॲपल २ साठी ‘एल्क क्लोनर’ ही आज्ञावली लिहिली. त्यापूर्वी तो खेळांच्या चकत्यांत फेरफार करून मित्रांना देई; त्यामुळे मित्र सावध झाले होते. नवी आज्ञावली संगणकाच्या स्मृतीत राहून पुढे घातलेल्या चकतीवर आपोआप स्वतःची प्रत काढी व त्या चकतीने पन्नासाव्या वेळी संगणक सुरू केला असता पडद्यावर एक छोटी कविता दाखवी. हानीचा हेतू नव्हता. तरीही वेगळ्या मांडणीच्या चकत्यांवरील काही मजकूर तिच्यामुळे पुसला जाई. प्रयोगशाळेबाहेर पसरलेल्या पहिल्या संगणक-विषाणूंत तिची गणना होते. खोडकर व खोडसाळ यांतील सीमा येथे स्पष्ट होते : पहिली थट्टा यंत्र बंद करताच नाहीशी होई, दुसरी मालकाच्या नकळत त्याच्या संग्रहात शिरून टिकून राही.

पुढील कार्यकारी प्रणालींत प्रत्येक आज्ञावलीस स्वतंत्र व संरक्षित स्मृती मिळू लागली. संगणक त्यामुळे अधिक सुरक्षित झाले. मात्र सुरू करताच आज्ञा लिहून पाहण्याची सोय मागे पडली. [⟶ संगणक].