यकृताचा आजार आणि घरच्यांची आशा

सिरोसिस, म्हणजे यकृतातील निरोगी पेशींच्या जागी व्रणासारखे कठीण तंतू साचण्याचा विकार, बळावला की अमोनियासारखी द्रव्ये मेंदूपर्यंत पोचतात, रुग्ण दिवसा पेंगतो, रात्री जागतो, त्याची सही वेडीवाकडी होते. हे बदल पहिल्यांदा घरच्यांच्याच लक्षात येतात, आणि लॅक्ट्युलोज या गोड पातळ औषधाने पोट साफ होऊ लागले की ते पुष्कळदा ओसरतात, ही धीर देणारी गोष्ट त्यांना वेळीच सांगितली गेली पाहिजे. बंगळूरच्या बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भरणाऱ्या ‘कडलेकाई परिषे’ या भुईमुगाच्या जत्रेतल्या शेंगाही, डॉक्टरांना विचारून, अशा रुग्णाला देता येतात, कारण प्रथिने तोडण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. मात्र त्या बिनमिठाच्या हव्यात, कारण मिठाने पोटात पाणी साचते, आणि बुरशी आलेला दाणा तर यकृताला विषच. औषधे अपुरी पडली तर प्रत्यारोपणाचा मार्ग उरतो: भारतातील पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणात, १९९८ साली, एका लहानग्याला वडिलांच्याच यकृताचा भाग बसवला गेला, आणि दात्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्ववत होते. घरात दाता जुळला नाही, तर कर्नाटकात ‘जीवसार्थकते’ या राज्य संस्थेच्या प्रतीक्षायादीत रुग्णालयामार्फत नाव नोंदवता येते.