वावर भरले, कणगी रिकामी

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात मुख्य रस्ता सोडून चार-पाच किलोमीटर आत गेले की एक लहानसे गाव लागते. दोनशेएक उंबरठे, मारुतीचे देऊळ, त्याच्या पारावर निंबाची सावली, एक शाळा, दोन किराणा दुकाने आणि गावाला वळसा घालून गेलेला नाला. गावाचे नाव मी सांगत नाही, कारण आपल्या जिल्ह्यातल्या शंभर गावांना हे वर्णन लागू पडेल. वाचकहो, तुम्हाला त्यात आपले गाव दिसले, तर ते तुमचेच समजा.

मी शेतकी पदवीधर. खात्यात रुजू झाल्यावर या गावात प्रथम आलो तो १९९६ साली. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी वेगळा जिल्हा झाला. हा मुलूख उंचवट्याचा आहे. इथे पडणारे काही पाणी पैनगंगेवाटे गोदावरीला जाते, तर काही काटेपूर्णेवाटे पूर्णा-तापीला. पाणी दोन्हीकडे वाहून जाते, मध्ये आपण कोरडे. विहिरींना पाणी जेमतेम, म्हणून शेती बहुतेक पावसावरची.

तेव्हाचे घर

त्या वेळी गावात शिरताच पहिल्यांदा कडब्याच्या गंज्या दिसत. शेतात ज्वारी, कपाशी, तूर, मूग, उडीद. कपाशीच्या ओळींत बरबटी आणि तीळ, धुऱ्यावर अंबाडी. घराघरात कणगी, तिला शेणमातीचा लेप. दावणीला बैलजोडी, एखादी गाय, परड्यात दोडक्याचा वेल. पैसा मात्र नव्हता. मुलाची फी भरायची तर बाई मुगाची पायली घेऊन दुकानात जाई. दवाखाना लागला की सावकार आठवे. त्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. ती गरिबी मी जवळून पाहिली आहे.

म्हणूनच मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून सांगितले, सोयाबीन पेरा. सांगण्यासारखेच पीक होते ते. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस ३३५ हा वाण १९९४ मध्ये प्रसारित झाला होता. शंभर दिवसांच्या आत-बाहेर पीक घरात. मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीला मिळतो. दिवाळीच्या आत रोख रक्कम हातात, आणि ओल असेल तर त्याच वावरात हरभरा. उलट संकरित ज्वारी ऐन दाणे भरताना पावसात सापडली की काळी पडे, भाव मिळत नसे. वर पाखरे, रोही, रानडुकरे. कापणी-मोडणीची मजुरी वेगळीच. पुढे रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ मिळू लागला, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्काचा झाला आणि जानेवारी २०२३ पासून फुकटही. मग ज्वारी कशाला, असे शेतकऱ्याला वाटले तर त्यात त्याचे काय चुकले?

गावात पत्र्याच्या जागी स्लॅब आले, मोटारसायकली आल्या, मुली कॉलेजात गेल्या. सोयाबीनने हे दिले, ते नाकारता येणार नाही.

आजीचा प्रश्न

सप्टेंबर २०२२ मध्ये, महालक्ष्म्यांच्या दिवसांत, मी एका ओळखीच्या घरी जेवायला होतो. आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील लागते. मी सहज म्हणालो, "आजी, आंबील झकास झाली." सत्तरी ओलांडलेली ती आजी हसली नाही.

"सायेब, दुकानातल्या जवारीची हाये थे. दोन किलो इकत आनली. पाच एकराचं वावर हाये आमचं, अन् देवाले जवारी इकत."

मी म्हणालो, "आजी, आता दिवस बदलले."

"बदलले, खरं हाये. पन सायेब, वावरात काय पेराव थे तुमी सांगतलं. घरात काय ठेवाव थे कोनं सांगाव?"

घास हातातच राहिला. तिच्या सुनेने दुकानाची उधारीची वही आणून दाखवली. तूरडाळ, चण्याची डाळ, मूग, तीळ, तेल, ज्वारीचे पीठ. एके काळी यातले बहुतेक सगळे याच घरच्या वावरात पिकत असे. आता ते शहरातून फिरून, पिशवीत भरून, उधारीवर परत येत होते.

एकामागून एक काय गेले

घरी येताना मी विचार करीत होतो. ज्वारी गेली म्हणजे एक पीक गेले असे आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात तिच्या पाठोपाठ एकेक वस्तू गेली. ज्वारी गेली म्हणून कडबा गेला. सोयाबीनचे कुटार जनावरे आवडीने खात नाहीत. कडबा विकत घेऊन बैल कोण पोसणार? म्हणून बैल विकले, पेरणी ट्रॅक्टरने सुरू झाली. पोळ्याला आज या गावात मारुतीसमोर मोजक्या जोड्या उभ्या राहतात; बाकीच्या घरी मातीच्या बैलांची पूजा होते. बैल गेले म्हणून शेणखत गेले. वर्षानुवर्षे नुसते पोत्यातले खत खाऊन जमीन कडक झाली. पाऊस आठ दिवस लांबला तरी आता पीक माना टाकते.

तिकडे तणनाशक आले. निंदणाचा त्रास वाचला, पण निंदणाऱ्या बायांची मजुरीही वाचली, म्हणजे त्यांच्या घरची बुडाली. फवारलेल्या वावरात तीळ-अंबाडीची ओळ टिकत नाही. तांदुळजा, चिवळ या बायांनी ओच्यात आणायच्या भाज्याही गेल्या. सोंगणी हुंड्याने, मळणी थ्रेशरने. दसरा-दिवाळीचे पंधरा दिवस गावाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि नंतर हाताला काम नसते. शेत नसलेली माणसे मग पुण्या-मुंबईची वाट धरतात.

२०२४ च्या दिवाळीनंतर त्याच घरी आम्ही कागदावर हिशेब मांडला. पाच एकर सोयाबीन, एकरी सहा क्विंटल, म्हणजे तीस क्विंटल. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण ओलाव्याचे कारण सांगून बाजारात ४,२०० च पदरी पडले. झाले १,२६,००० रुपये. बियाणे, खत, फवारणी, पेरणी, सोंगणी, मळणी धरून खर्च एकरी पंधरा हजार, म्हणजे ७५,०००. उरले ५१,०००. महिन्याला ४,२५०. त्यात सोसायटीचे व्याज, मुलाचे शिक्षण आणि ती उधारीची वही. याच सोयाबीनचा भाव २०२१ च्या पावसाळ्यात दहा हजारांच्या घरात गेला होता. तेव्हा बहुतेकांच्या घरी विकायला दाणा उरला नव्हता. वर्षातून एकच पगाराचा दिवस, आणि पगार किती ते ठरवणारा दुसराच.

जावा बेटावरचे खेडे

अशाच एका दूरच्या मुलखाची गोष्ट सांगतो. इंडोनेशियात जावा नावाचे बेट आहे. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान, आणि माणसे पंधरा कोटींवर. तिथल्या अनेक कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरहूनही कमी जमीन असते. भाताची खाचरे, राबणारी माणसे, डोक्यावर कर्ज. गरिबी आपल्या ओळखीचीच.

पण तिथल्या खेड्यात घराभोवतीच्या जागेला फार मान. तिला ते पेकारांगान म्हणतात. नारळ, केळी, फणस, मिरची, कंद, पालेभाज्या, खाली कोंबड्या. वावराने दगा दिला तरी परडे चूल पेटती ठेवते. आणि दुसरी गोष्ट सोयाबीनची. आपण जे पोत्यात भरून बाजारात लोटतो, ते तिथे गरिबाचे रोजचे खाणे आहे. सोयाबीन शिजवून, साल काढून, त्याला बुरशीचे विरजण लावतात आणि केळीच्या पानात बांधून एक-दोन दिवस ठेवतात. दाणे एकमेकांना घट्ट धरून त्याची वडी होते. तिला टेंपे म्हणतात. सोयाबीनमध्ये सुमारे चाळीस टक्के प्रथिने. मटण परवडत नाही अशा घराला हा मोठाच आधार.

मात्र जावाचेही सगळे ठीक नाही. खाणे घरचे असले तरी सोयाबीन आता बहुतांश परदेशातून, मुख्यतः अमेरिकेतून येते. जानेवारी २००८ मध्ये भाव कडाडले तेव्हा टेंपे करणाऱ्या हजारो माणसांनी राजधानी जकार्तात मोर्चा काढला. म्हणजे पाहा, ते खातात पण पुरेसे पिकवत नाहीत. आपण पिकवतो पण खात नाही. दोघांचीही मान दूरच्या बाजारभावाच्या हाती.

एकट्याची ज्वारी पाखरांची

आजीने माझी वाट पाहिली नाही. २०२३ च्या खरिपात मुलाशी भांडून अर्धा एकर ज्वारी पेरायला लावली. कणसे भरली आणि साऱ्या शिवारातली पाखरे तिथेच उतरली. उरलेले डुकरांनी झोपवले. हाती आले दीड पोते आणि गावाचे हसणे. मुलगा मला म्हणाला, "साहेब, आता तुम्हीच तिला समजवा."

समजवायला गेलो आणि मलाच समजले. सगळे शिवार ज्वारीचे होते तेव्हाही पाखरे होतीच. ती सगळ्यांच्या वावरात वाटली जात. आता एकटीच्या वावरावर सगळ्या गावची पाखरे. हे एकट्याने करायचे काम नव्हेच. जावातल्या खेड्यात एकमेकांच्या कामाला हात लावण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे तिला सावड म्हणतात. शब्द आहे, रीत विसरली.

पारावर बैठक घेतली. बराच वाद झाला. "तुम्हीच सोयाबीन आणलं, आता तुम्हीच नको म्हणता," असे एकाने तोंडावर सुनावले. मी कबूल केले. सोयाबीन नको असे माझे म्हणणे नाही, पण घराचा वाटा बाजूला काढा हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले, एवढे खरे. शेवटी सात घरे तयार झाली. २०२४ च्या खरिपात ज्यांची वावरे लागून होती त्यांनी एकाच पट्ट्यात अर्धा-अर्धा एकर ज्वारी पेरली. राखणीच्या पाळ्या लावल्या. नुकसान झाले नाही असे नाही, पण प्रत्येक घरी वर्षाची भाकर निघेल एवढे धान्य आले. कडबा आला तेव्हा एका घराने विकायला काढलेली जोडी ठेवून घेतली.

घराचा वाटा कसा काढावा

बंधू-भगिनींनो, पाच एकरांतला एक एकर घरासाठी धरा. त्यात अर्धा एकर ज्वारी, शेजाऱ्यांशी बोलून एकाच पट्ट्यात. उरलेल्यात मूग, उडीद, थोडा तीळ; इथे तणनाशक नको, डवरा चालवा. बाकीच्या सोयाबीनमध्ये चार ओळींमागे दोन ओळी तुरीच्या घ्या. पाऊस फसला तर तूर सावरते आणि घरची डाळही होते.

बियाणे घरचे ठेवा. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. सत्तर किंवा जास्त उगवले तर उत्तम. सोयाबीनची साल नाजूक असते. बियाण्याची पोती आपटू नका आणि सातांपेक्षा उंच थप्पी लावू नका. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको.

सगळा माल एकाच दिवशी विकू नका. बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना राबवली जाते. गोदामात ठेवलेल्या मालावर किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, ते सोंगणीआधीच विचारून ठेवा. माल मात्र नीट वाळवून न्या.

आणि भगिनींनो, पोतेभर सोयाबीन घरात ठेवा. ते कच्चे खायचे नसते. निवडून उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवा, निथळून कडक वाळवा, मग नऊ किलो गहू किंवा ज्वारीत एक किलो घालून दळा. पोळी-भाकरीची चव फारशी बदलत नाही, आणि मुलांच्या अंगी लागते. परड्यात शेवगा, कढीपत्ता, दोडका लावा. सांडपाण्यावर ते जगतात.

यातून कोणी श्रीमंत होणार नाही. पण उधारीची वही निम्मी झाली तरी दिवाळीला घाईघाईने माल विकण्याची वेळ टळते, आणि भावासाठी महिनाभर थांबण्याची ताकद येते. घरात दाणा असलेला शेतकरी बाजारात ताठ उभा राहतो.

पुढच्या महालक्ष्म्यांना त्या घरचे आमंत्रण होतेच. आंबील वाढताना आजी या खेपेस काही बोलली नाही. सून मात्र म्हणाली, "साहेब, घरची हाये." मी वाटी पुन्हा पुढे केली.