घोड्यावरचा संसार : आपल्या खान्देशातले ठेलारी मेंढपाळ

दिवाळी झाली, कपाशीची वेचणी उरकत आली, की धुळे-जळगावच्या रस्त्यांवर हे दृश्य हमखास दिसतं. पुढे मेंढरांचा कळप, बाजूला कुत्री, मागे घोड्यांवर लादलेला संसार. खाट, भांडी, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेलं एखादं लहान मूल. आपली एसटी दोन मिनिटं थांबते, मुलं खिडकीतून बघतात आणि विषय तिथेच संपतो. तो वर्गात पुढे न्यावा, म्हणून हा लेख.

हे लोक कोण?
धुळे जिल्ह्यात, विशेषतः साक्री भागात, ठेलारी समाज मोठ्या संख्येने आहे. मेंढपाळी हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांची नोंद आहे.

ते का फिरतात?
मुलांना आधी हाच प्रश्न विचारा. बहुतेक उत्तर येतं, "त्यांना घर नसतं." हे खरं नाही. अनेकांचं गाव असतं, गावात घरही असतं. पण शेकडो मेंढ्यांना एका गावचा चारा वर्षभर पुरत नाही. पावसाळ्यात माळरान हिरवं असतं आणि शेतात पिकं उभी असतात, तेव्हा ते गावाजवळ राहतात. पिकं निघाली की रानं मोकळी होतात. मग कपाशीचा पाला आणि बांधावरचं गवत शोधत कळप निघतो. म्हणजे ही भटकंती नुसती वणवण नाही, ते ऋतूंचं गणित आहे.

दिवस कसा जातो?
दव वाळल्यावर मेंढ्या चरायला निघतात, कारण ओल्या गवताने त्या आजारी पडतात. पुरुष कळपामागे जातात. बायका सामान आवरून घोड्यांवर लादतात, पुढच्या मुक्कामाला पोचतात, पाणी शोधतात, तीन दगडांची चूल मांडतात. कोवळी कोकरं त्यांच्याकडेच असतात. संध्याकाळी कळप परतला की एकच कालवा होतो! पण एवढ्या गोंधळात प्रत्येक मेंढी आपलं कोकरू आवाजाने आणि वासाने बरोबर ओळखते. रात्री कळपाभोवती जाळी लावतात. लांडग्याच्या भीतीने कुत्री आणि माणसं आळीपाळीने जागतात.

शेतकऱ्याला काय मिळतं?
खत. मेंढ्या रात्री शेतात बसवल्या की लेंडी आणि मूत्र थेट जमिनीत मुरतं. वाहतूक नाही, पसरायची मजुरी नाही. बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. पण उभ्या पिकात मेंढरं शिरली तर भांडण ठरलेलं. गायरानं कमी होत चालली आहेत, तसे असे प्रसंग वाढतात.

जगात दुसरीकडे
उत्तर केनियाच्या वाळवंटी भागात गब्रा लोक उंट पाळतात. घराच्या काठ्या आणि चटया उंटावर लादून ते नवा मुक्काम करतात. घर उभारण्याचं काम तिथेही बायकांचं. ज्याच्याकडे दुभती उंटीण नाही, त्याला दुसरा आपली उंटीण सांभाळायला देतो. तिथे उंट, इथे घोडा, पण पाऊस जाईल तिकडे माणूस जाणार, हा नियम एकच.

आणि आपली शाळा?
खरा प्रश्न इथे आहे. दिवाळीनंतर हजेरीपटावर काही नावांपुढे गैरहजेरी लागत जाते. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वयानुरूप वर्गात बसवावं लागतं. तेव्हा शाळेजवळ वाडा पडला, तर दाखल्याची वाट न बघता मुलांना वर्गात बोलवा. चार दिवस का होईना.

पालकांना एक विनंती. "रडू नकोस, नाहीतर ते पकडून नेतील" असं मुलांना सांगू नका. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्याच राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. अफवा गावात येते, पण तिला खतपाणी घरातल्या अशा वाक्यांनी मिळतं.

वर्गासाठी उपक्रम : मुलांनी एका मेंढपाळ आजोबांना किंवा आजींना भेटून तीन प्रश्न विचारावेत. तुमचं गाव कोणतं? पाऊस पडला की कुठे जाता? आजारी मेंढी कशी ओळखता? मिळालेली उत्तरं फळ्यावर लिहा. भूगोलाचा तो तास मुलं विसरणार नाहीत.