यूझनेट

संगणकांच्या जालातून लिखित मजकुराची देवाणघेवाण करणारी व कोणत्याही एका संस्थेच्या मालकीची नसलेली चर्चाव्यवस्था. एखाद्याने लिहिलेला संदेश विषयवार चर्चागटांतून जगभरच्या सहभागी संगणकांवर पोहोचविणे, हे तिचे मुख्य कार्य होय. चित्रे, ध्वनी व जाहिराती यांनी भरलेले आधुनिक जाल सर्वत्र रूढ झाल्यानंतरही अशा जुन्या मजकूरप्रधान समुदायांविषयीचे आकर्षण टिकून आहे. त्याची कारणे बव्हंशी यूझनेटच्या रचनेतच सापडतात.

इतिहास : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी १९७९ मध्ये ही कल्पना मांडली. जवळच्याच नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी तिची पहिली आज्ञावली लिहिली आणि १९८० मध्ये ती इतर संस्थांना खुली करण्यात आली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पानेट’ या जालात तेव्हा मोजक्याच संस्थांना प्रवेश होता. यूझनेटसाठी युनिक्स प्रणालीवर चालणारा संगणक, मोडेम व दूरध्वनी एवढी सामग्री पुरेशी असे; म्हणून तिला ‘गरिबांचे आर्पानेट’ असे म्हणत.

रचना : एक संगणक दुसऱ्यास दूरध्वनी करून नवे संदेश देई व त्याच्याजवळचे घेई, दुसरा ते पुढे तिसऱ्याकडे धाडी. दूरध्वनीचे दर रात्री कमी असल्याने हे काम बहुधा रात्री चाले आणि दूरच्या ठिकाणी संदेश पोहोचण्यास कित्येकदा काही दिवस लागत. मध्यवर्ती कार्यालय नव्हते. कोणते गट घ्यावयाचे व संदेश किती दिवस ठेवावयाचे, हे प्रत्येक ठिकाणचा व्यवस्थापक ठरवी. १९८६ मध्ये इंटरनेटवरून संदेश थेट पाठविण्याची पद्धत निश्चित झाल्यावर हा विलंब बराच घटला.

१९८६-८७ मध्ये गटांची नव्याने वर्गवारी करण्यात आली. संगणक (कॉम्प), विज्ञान (साय), समाज (सॉक), मनोरंजन (रेक) इ. सात मुख्य वर्ग पाडण्यात आले. गटाचे नाव व्यापक विषयाकडून विशिष्ट विषयाकडे जाई, उदा., ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’. या गटात प्रामुख्याने परदेशस्थ मराठी भाषिक लिहीत. देवनागरी अक्षरांची सोय नसल्याने मराठी मजकूर रोमन लिपीत लिहावा लागे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी विश्वव्यापी जालाच्या प्रकल्पाची व लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी पुढे ‘लिनक्स’ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या प्रणालीची माहिती प्रथम यूझनेटवरच जाहीर केली. ज्या जालाने यूझनेटला मागे टाकले, त्याची वार्ता अशा रीतीने यूझनेटवरूनच पसरली.

आकर्षणाची कारणे : पहिले कारण वाचनक्रमाचे होय. संदेश कालक्रमाने किंवा चर्चेच्या धाग्याप्रमाणे मांडले जात. आधुनिक समाजमाध्यमांत वाचकाने काय पाहावे हे पुष्कळदा कंपनीची गणनपद्धती ठरविते; यूझनेटवर ते वाचक ठरवी. नकोशा लेखकांची वा विषयांची यादी तो स्वतःच्या ‘किल फाइल’ मध्ये ठेवी व तेवढे संदेश त्याला दिसत नसत. इतरांसाठी ते तसेच राहत.

दुसरे कारण लेखनपद्धतीचे. आधीच्या लेखकाच्या ओळी खुणेसह उद्धृत करून प्रत्येक मुद्द्याखाली उत्तर देण्याची प्रथा होती. चेहरा, छायाचित्र, पसंतीची संख्या यांपैकी काहीच नसल्याने मनुष्य त्याच्या लेखनावरूनच ओळखला जाई. उत्तरास लागणारा विलंब कधीकधी विचारालाही अवकाश देई.

तिसरे कारण समुदायाच्या रीतीचे. नवागताने काही काळ केवळ वाचावे, वारंवार येणाऱ्या प्रश्नांची संकलित उत्तरे पाहावीत व मगच लिहावे, अशी अपेक्षा असे. ही संकलने सदस्य विनामूल्य तयार करीत व वेळोवेळी सुधारीत.

मर्यादा : हा काळ निखळ सलोख्याचा होता, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. कडवट व वैयक्तिक वाद नित्याचे होते. सहभागी लोक बहुतांशी विद्यापीठे व तांत्रिक संस्थांतील, इंग्रजी जाणणारे व मुख्यतः पुरुष होते. पुष्कळांच्या नावापुढे संस्थेचा पत्ता असल्याने तक्रार करण्यास जागा होती. शिस्तीचा काही भाग या मर्यादित प्रवेशामुळेच शक्य झाला होता.

ऱ्हास : दर सप्टेंबरात विद्यापीठांतील नवे विद्यार्थी येत व काही आठवड्यांत येथील रीती शिकत. १९९३-९४ मध्ये व्यापारी सेवांचे असंख्य ग्राहक एकाएकी दाखल झाले. त्यांना रीती शिकविणे जुन्या सदस्यांच्या आवाक्याबाहेर गेले. या कालखंडाला ‘अखंड सप्टेंबर’ असे नाव पडले. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील दोन वकिलांनी आपली जाहिरात हजारो गटांत एकदम टाकली आणि त्यानंतर असा उपद्रव वाढतच गेला. चित्रे व चित्रपट यांच्या प्रचंड फाइलींमुळे साठवणीचा खर्चही वाढला. २०१० मध्ये ड्यूक विद्यापीठाने आपला यूझनेट सर्व्हर बंद केला, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने यूझनेटवरील नवे संदेश घेणे व पाठविणे थांबविले.

संदेश काही दिवसांत पुसले जातील, अशा समजुतीने अनेकांनी लिहिले होते. तथापि टोराँटो विद्यापीठातील हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासूनचे संदेश चुंबकीय फितींवर जतन केले होते. ते गूगलच्या संग्रहात समाविष्ट झाल्यावर २००१ मध्ये वीस वर्षांचे लेखन कोणासही शोधता येऊ लागले. इतिहासाच्या अभ्यासकांस हा ठेवा मोलाचा असला, तरी लेखकांची त्यास पूर्वसंमती नव्हती.

स्वेच्छेने चालविलेल्या सर्व्हरांवर यूझनेट अद्याप चालू आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘टिल्ड क्लब’ सारख्या लहान समुदायांनीही मजकुरापुरत्या संगणकवापराची ही परंपरा पुढे चालविली. यूझनेटला मालक नसल्यामुळे वाचकास स्वातंत्र्य लाभले. परंतु त्याच कारणाने उपद्रव रोखण्याची जबाबदारी व खर्चाचा भार कोणावरच निश्चित झाला नाही. तिच्या आकर्षणाचे व ऱ्हासाचेही मूळ या एकाच वैशिष्ट्यात आहे.