अद्भुतातील नियम

अद्भुतरम्य कादंबरीत लेखकास वाटेल ते घडविता येते, असा पुष्कळांचा समज असतो. चोखंदळ वाचकास मात्र तेथेच नियम अधिक कडक हवे असतात. इंग्रज लेखक टॉल्किन ह्यांच्या ‘द हॉबिट’मध्ये (१९३७) अदृश्य करणारी अंगठी बिल्बोस वेळोवेळी संकटातून सोडविते, मौज वाटते, धाकधूक मात्र ओसरते. पुढे तीच अंगठी धारण करणाऱ्याचे मन पोखरणारी ठरली, तेव्हा कथेस वजन आले. त्यासाठी टॉल्किन ह्यांनी १९५१ च्या आवृत्तीत जुने प्रकरणच बदलले! अमेरिकन लेखिका ल ग्विन ह्यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’त (१९६८) ज्याचे खरे नाव कळेल तोच वश होतो. ह्या नियमाच्या बळावर गेड ड्रॅगनास जखडतो. परंतु गर्वाच्या भरात आपणच मोकळ्या सोडलेल्या छायेपुढे बेटाबेटांतून पळत सुटतो, कारण तिचे नाव त्यास ठाऊक नसते.