आधी पेंग्विनला जाऊ द्या!

गोवा झालं, मनाली झालं, अप्रेजल बरं झालं त्या वर्षी बँकॉकही झालं. आता कॅन्टीनमध्ये नवं नाव ऐकू येतंय, अंटार्क्टिका! उदगीरला जाऊन रेल्वे पकडणं हाच ज्यांचा पहिला मोठा प्रवास होता, त्या जळकोटच्या पोरापोरींनाही बर्फातले लाल जॅकेटवाले फोटो खुणावतात. खर्च? विमानभाड्यासकट सहज सात-आठ लाखांच्या पुढे. एवढे मोजून मिळतं काय, तर किनाऱ्यावर उतरण्याचे मोजके दिवस. आणि ते दिवस आपल्या साइटसीइंगसारखे मुळीच नसतात.

अर्जेंटिनातल्या उशुआयाहून बोट सुटते. ड्रेक पॅसेज पार करायला साधारण दोन दिवस, तेही बहुतेकांचे पोट सांभाळण्यात जातात. मग एका पहाटे (पहाट कसली, डिसेंबरात तिथं नीट अंधारच पडत नाही) स्पीकरवर मोहीमप्रमुखाचा आवाज येतो. वारा किती, बर्फ किती, उतरायचं की नाही. ठरलेली जागा ऐनवेळी बदलते. भांडून उपयोग नाही, बॉस!

उतरण्याआधी तुमची झडती होते. खिसे, बॅगेचे कोपरे, जॅकेटचं वेल्क्रो, सगळं व्हॅक्यूम क्लीनरने साफ. सॉक्समध्ये अडकलेलं एक कुसळही चालत नाही. ज्वारीच्या रानात वाढलेल्याला हसू येईल, पण किंग जॉर्ज बेटावर बाहेरून आलेलं गवत खरंच रुजलंय. मग गमबूट जंतुनाशकात बुडवायचे, रबरी झोडियाक होडीत कडेला बसायचं आणि किनारा आला की थेट पाण्यात पाय.

एका वेळी किनाऱ्यावर १०० च माणसं. पाचशेहून जास्त प्रवाशांची बोट असेल तर उतरणंच नाही, लांबून बघा! बुकिंगआधी हा आकडा नक्की विचारा, ब्रोशरमधले पेंग्विन सगळ्यांचे सारखेच असतात.

पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहायचं. बर्फात त्यांनी स्वतःच्या ये-जा करण्याने वाटा पाडलेल्या असतात. तो वाटेवर दिसला की तुम्ही थांबायचं, त्याला आधी जाऊ द्यायचं. खाणं बंद, चिवडा बोटीवरच. टॉयलेट? परत बोटीवर. आणि वास! फोटोत तो येत नाही, हे फोटोचं नशीब. बर्ड फ्लूच्या भीतीने बसणं, गुडघे टेकणं, बॅग खाली ठेवणंही बंद झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर पोचल्याचं निश्चित झालं.

दुपारी दुसरा किनारा, समजा नेको हार्बर. समोर हिमनदीचा कडा. तो तुटला की लाट किनाऱ्यापर्यंत येते, म्हणून पाण्यालगत उभं राहू देत नाहीत. जगातलं सुमारे ७० टक्के गोडं पाणी या खंडावर बर्फ होऊन पडलंय. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यासाठी रांगा लावलेल्या लातूर जिल्ह्यातल्या माणसाला तो कडा तुटताना काय वाटेल, हे ब्रोशरवाल्यांना कळायचं नाही.

आपल्याकडची पहिली नावं पर्यटकांची नव्हतीच. नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून तिथं गेल्या. सोबत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या भारतीय शास्त्रज्ञ महिला. त्या कामाला गेल्या होत्या.

आणि आपण? २०२२-२३ च्या एका मोसमात लाखाच्या वर पर्यटक त्या भागात जाऊन आले. नियम कितीही कडक असोत, प्रत्येक बोट इंधन जाळतच जाते. माझं मत विचाराल तर नुसत्या प्रोफाइल फोटोसाठी जाऊ नका. तासभर गप्प उभं राहून बघायची तयारी असेल तर मात्र पैसे साठवायला लागा, लहान बोट निवडा.

संध्याकाळी पुन्हा बूट घासायचे, पुन्हा जंतुनाशक. जेवणाआधी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून उद्याचा कार्यक्रम सांगतात. तोही हवामानाने परवानगी दिली तरच.