घरीं बनविलेला लेथ

उसास पाणी देण्याच्या ऐन दिवसांत पंपाचें बुश झिजावें आणि तेवढ्याशा तुकड्यासाठीं तालुक्याच्या कारखान्यांत आठ दिवस खेटे घालावे, हा अनुभव आमच्या शेतकरी बंधूंस नवा नाहीं. तीन उन्हाळ्यांपूर्वीं आमच्या दोन एकर उसावर हाच प्रसंग आला व निम्मा ऊस करपला. आमचा जन्म महसूल खात्यांत सातबारे उतरण्यांत गेला. तथापि त्या आठ दिवसांनीं आम्हांस लोखंडाकडे वळविलें.

धातु कातावयाचा लेथ घरीं बनवितां येतो, हें अमेरिकेंतील डेव्हिड जिंजरी यांनीं १९८० च्या सुमारास पुस्तकें लिहून दाखविलें. त्यांची रीत अशी: प्रथम कोळशाची लहान भट्टी करावी व तींत मोडीचें अ‍ॅल्युमिनियम वितळवावें. हा धातु सुमारें ६६० अंश सेंटिग्रेडवर वितळतो, म्हणून भात्याचा वारा पुरतो. लाकडी नमुन्यावर वाळूचा सांचा करून लेथचे भाग ओतावे. बैठकीवर सपाट पोलादी पट्टी बसवावी. तिच्याच आधारानें पुढच्या खांबाचें भोंक कोरावें, म्हणजे फिरता दांडा बैठकीस समांतर येतो. यंत्राचा खरेपणा सारा या समांतरतेंत आहे.

येथें एक इशारा अवश्य द्यावयाचा. तापलेल्या रसाखालीं पाणी सांपडलें तर वाफेचा स्फोट होतो. वाळू मुठींत दाबली असतां गोळा व्हावा, पण हातास पाणी लागूं नये; मोड कोरडी करूनच टाकावी; आणि ओतकाम सिमेंटच्या जमिनीवर न करितां कोरड्या वाळूवर करावें.

आम्हांस नऊ महिने लागले व दोन ओतकामें वायां गेलीं. हें यंत्र हलकें आहे. जाड पोलादी शाफ्टास तें पुरें पडत नाहीं. परंतु बुश, वॉशर, फवारणी पंपाचा दट्ट्या, अवजारांच्या खिळी हीं कामें उत्तम होतात.

गेल्या चैत्रांत बुश पुनः झिजलें. गनमेटलचा तुकडा सकाळीं लेथास लावला. दिवेलागणीस पाटांत पाणी वाहूं लागलें. प्रत्येकानें लेथ करावा असें आमचें म्हणणें नाहीं. दहा विहिरींमागें एक असला तरी पुरे. मात्र तो गांवांत असावा.